फिल्टर गाडीला नाही, इंजिनाला बसतो

समजा, तासगावातल्या एखाद्या शेडमध्ये १९७२ सालची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार उभी आहे. तिचा मालक सांगलीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन म्हणाला, “एमजीचा ऑइल फिल्टर द्या,” तर काउंटरवरचा माणूस विचारेल, “हेक्टर का ॲस्टर?” त्यात त्याची काही चूक नाही. हेक्टर २०१९ साली भारतात आली आणि ती गुजरातमधल्या हालोलच्या कारखान्यात तयार होते. एमजीबी इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनची. तिचं उत्पादन १९८० सालीच थांबलं. दोन्ही गाड्यांवर अष्टकोनी बिल्ला तोच असला तरी इंजिनांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

त्याच मालकाने दुकानातल्या एखाद्या पिकल्या केसांच्या माणसाला गाठून “जुन्या ॲम्बेसेडरसारखं इंजिन आहे,” असं सांगितलं असतं, तर काम निम्मं झालं असतं. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचा ऑइल फिल्टर निवडताना पहिला नियम हाच: बॉनेटवरचा बिल्ला विसरा, बॉनेटखाली काय आहे ते बघा.

एका घराण्यातली इंजिनं

ऑस्टिन आणि मॉरिस ही ब्रिटनमधली दोन मोठी मोटार घराणी १९५२ साली एकत्र आली आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन तयार झालं. त्यांच्या ‘बी-सिरीज’ इंजिनाचा १४८९ सीसीचा प्रकार १९५५ साली एमजीए या दोन सीटच्या गाडीत बसला, दोन कार्बोरेटर लावून. तेच इंजिन एका कार्बोरेटरवर, संथ स्वभावाचं करून, बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने ॲम्बेसेडरला दिलं. पुढे १९६२ सालच्या एमजीबीत ते वाढून १७९८ सीसीचं झालं. म्हणजे ज्या मिस्त्रीने सरकारी ॲम्बेसेडरची इंजिनं उतरवली आणि चढवली, त्याला एमजीच्या इंजिनात परकं वाटावं असं फार थोडं आहे.

दुसरं घराणं स्टँडर्ड-ट्रायम्फचं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ ते १९७१ या काळात स्टँडर्ड हेरल्ड बनवली. ती मुळात ट्रायम्फ हेरल्ड. तिच्याच चासीवरून आणि तिच्याच लहान चार सिलिंडरच्या इंजिनावरून १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स कार निघाली.

ट्रॅक्टरच्या मुलुखात राहणाऱ्यांना तिसरं नातं जास्त भावेल. कॉव्हेन्ट्रीच्या स्टँडर्ड कंपनीने १९४६ पासून हॅरी फर्ग्युसनचा टीई-२० हा करड्या रंगाचा ट्रॅक्टर बनवायला घेतला. सुरुवातीला त्यात अमेरिकन कॉन्टिनेन्टल इंजिन होतं. नंतर त्याच्या जागी स्टँडर्डने स्वतःच्या व्हॅनगार्ड मोटारीच्या जातीचं इंजिन बसवलं. त्याचे लायनर बदलता येत, त्यामुळे बोअर कमीजास्त करणं सोपं होतं. त्याच मूळ रचनेतून १९९१ सीसीचं इंजिन तयार झालं आणि १९५३ साली ट्रायम्फ टीआर-२ या स्पोर्ट्‌स कारमध्ये गेलं. नांगराला जुंपलेलं आणि शर्यतीत पळालेलं इंजिन एकाच वंशाचं होतं. फर्ग्युसनचं नाव पुढे मॅसीला जोडलं गेलं आणि मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर भारतात मद्रासच्या टॅफेकडून आले. त्यांची डिझेल इंजिनं वेगळी, पण तीही ब्रिटिश पर्किन्सच्या घराण्यातली.

ही वंशावळ सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. या काळातल्या ब्रिटिश इंजिनांमध्ये ऑइल फिल्टरच्या दोन-तीनच पद्धती होत्या आणि त्या आपल्याकडच्या ॲम्बेसेडर, हेरल्ड आणि ट्रॅक्टरमधूनही आल्या. निवड करणारी नजर इथे आधीपासून तयार आहे. फक्त तिला कुठे बघायचं ते कळायला हवं.

कागद काय अडवतो आणि काय नाही

मोटारीच्या तेलासाठी फिल्टर अमेरिकेत १९२३ साली आला. त्याआधी तेल मळलं की ते बदलायचं, एवढाच उपाय होता. सुरुवातीचे फिल्टर तेलाचा थोडाच भाग गाळून पुन्हा इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये सोडत आणि बाकीचं तेल न गाळताच बेअरिंगकडे जाई. नंतर पंपाकडून निघालेलं सगळं तेल आधी फिल्टरमधून आणि मग बेअरिंगकडे, ही ‘फुल-फ्लो’ पद्धत रूढ झाली. बी-सिरीज इंजिनं या दुसऱ्या पद्धतीची आहेत. दोन पद्धतींचे फिल्टर बाहेरून सारखे दिसले तरी त्यांची अदलाबदल करायची नसते. थोड्या तेलासाठी केलेल्या बारीक कागदातून सगळं तेल ढकललं, तर तो लगेच कोंदतो.

फिल्टरच्या कागदाची कल्पना करताना तासगावच्या बेदाणा शेडमधली प्रतवारीची चाळणी डोळ्यांसमोर आणू नये. चाळणीला ठरावीक मापाची भोकं असतात, त्याहून मोठा मणी वर राहतो आणि लहान खाली पडतो. कागदाला असं एक माप नसतं. तंतूंच्या गुंत्यात मोठा कण हमखास अडकतो, मधल्या आकाराचा बहुतेक वेळा अडकतो आणि अगदी बारीक कण बहुतेक वेळा निसटतो. म्हणून ‘२० मायक्रॉनचा फिल्टर’ एवढं छापलेलं असेल तर त्यातून फारसं काही कळत नाही. २० मायक्रॉनचे किती टक्के कण तो अडवतो, हा खरा प्रश्न. आयएसओ ४५४८-१२ या चाचणीत हेच मोजतात. ५० टक्के अडवणारा आणि ९५ टक्के अडवणारा, असे दोन्ही फिल्टर आपल्या खोक्यावर ‘२० मायक्रॉन’ लिहू शकतात.

माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. चालू इंजिनात क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो, तो काही मायक्रॉनचाच. त्या थराच्या जाडीएवढे किंवा त्याहून थोडे मोठे कण सगळ्यात घातक, कारण ते आत शिरतात आणि दोन्ही बाजूंना ओरखडे काढतात. तेलाला काळा रंग देणारी काजळी मात्र मायक्रॉनपेक्षाही बारीक असते आणि ती कागदातून आरपार जाते. तेव्हा तेल काळं झालं म्हणून फिल्टर वाईट ठरत नाही.

बाऊल की स्पिन-ऑन

१९५० आणि ६० च्या दशकांतल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत लोखंडी बाऊल असतो, मधून एक लांब बोल्ट जातो आणि आत कागदाचं किंवा फेल्टचं एलिमेंट बसतं. बदलायचं ते फक्त एलिमेंट. बाऊलमध्ये तळाला स्प्रिंग, तिच्यावर पोलादी वॉशर, त्यावर फेल्टची किंवा रबराची चकती, मग एलिमेंट टेकण्याची पट्टी, असा क्रम असतो. हे सुटे भाग एलिमेंटला वर दाबून धरतात. मळकं तेल धुताना यातलं एखादं वॉशर पत्र्याच्या डब्यात राहून गेलं, की एलिमेंट सैल बसतं आणि तेल त्याच्या कडेने न गाळताच निघून जातं. प्रेशर मीटर काही बोलत नाही. इंजिन वर्षानुवर्षं न गाळलेल्या तेलावर चालतं आणि मालकाला वाटतं, आपण दरवर्षी फिल्टर बदलतो.

एलिमेंट विकत घेताना त्याची उंची, बाहेरचा व्यास आणि मधल्या भोकाचा व्यास जुन्याशी ताडून पाहावा. भोक बोल्टपेक्षा फार मोठं असेल तर तिथूनही तेल चुकारपणा करतं. ॲम्बेसेडरचं एलिमेंट एमजीला चालेलच असं धरून चालू नये. इंजिनाचं घराणं एक असलं तरी फिल्टरचं डोकं, म्हणजे तो इंजिनाला जिथे जोडतात तो भाग, सालागणिक बदललं आहे.

दुसरं म्हणजे बाऊलच्या तोंडाशी खोबणीत बसणारी रबरी रिंग. जुनी रिंग उष्णतेने कडक होते आणि खोबणीचाच भाग असल्यासारखी चिकटून बसते. ती न काढता वर नवी बसवली तर इंजिन चालू होताच तेलाची धार लागते. टोचा घेऊन जुनी रिंग काढायची, खोबणी कापडाने पुसायची, मगच नवी.

याला कंटाळून अनेक जण अडॅप्टर लावून स्पिन-ऑन फिल्टर बसवतात, म्हणजे पत्र्याचा बंद डबा, हाताने फिरवून चढवायचा. हात कमी मळतात, वॉशर हरवायची भीती नाही आणि फिल्टर सहज मिळतो. तोटा इतकाच की अडॅप्टरमुळे एक जोड वाढतो, आणि जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत परीक्षक मूळ बाऊल शोधतात. गाडी बक्षिसासाठी ठेवली असेल तर बाऊल ठेवा. रस्त्यावर चालवायची असेल तर अडॅप्टरला नाक मुरडायचं कारण नाही. पुढच्या एमजीबींना तर कारखान्यातूनच स्पिन-ऑन मिळाला होता.

आट्यांचा हिशेब

स्पिन-ऑन फिल्टर निवडताना सगळ्यात धोक्याची चूक आट्यांची होते. एमजीबीच्या फिल्टरचा स्टड पाऊण इंची, इंचाला १६ आटे, यूएनएफ जातीचा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. आजच्या पुष्कळ गाड्यांना मेट्रिक २० मिलिमीटर, दीड मिलिमीटर पिचचे आटे असतात. दोघांत फरक एका मिलिमीटरहून कमी. म्हणून २० मिलिमीटरचा फिल्टर पाऊण इंची स्टडवर चढतो. किंचित सैल लागतो, पण चढतो, आणि रबर टेकल्यावर घट्टही झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात आटे फक्त टोकाटोकाने धरलेले असतात.

त्यांच्यावर येणारा जोर किती? एमजीबीचं ऑइल प्रेशर चालत्या गाडीत साधारण ५० ते ८० पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेतीन ते साडेपाच किलो. फिल्टरच्या रबरी रिंगच्या आतलं वर्तुळ ६२ मिलिमीटरचं धरलं तर क्षेत्रफळ ३० चौरस सेंटिमीटर. ५ किलो दाबाला तेल त्या डब्याला दीडशे किलोच्या जोराने बाहेर ढकलतं. गार इंजिनात घट्ट तेलावर हा जोर आणखी वाढतो. टोकाटोकाने धरलेले आटे अशा वेळी सुटले, तर अर्ध्या मिनिटात चेंबर रस्त्यावर रिकामा होतो.

तपासणी सोपी आहे. रबर टेकण्याआधी, दोन-तीन फेरे चढवलेला फिल्टर हाताने हलवून बघावा. खडखड हलला तर उतरवावा. आट्यांचा गेज असेल तर संशयच राहत नाही. १८ मिलिमीटरचा फिल्टर स्टडवर चढतच नाही आणि २२ चा न फिरवता आत जातो, म्हणून ते दोन निरुपद्रवी. फसवतो तो २० चा.

आटे जुळले की रिंग बघायची. ती इंजिनाच्या सपाट गोल पृष्ठभागावर पूर्ण टेकली पाहिजे, कडेबाहेर लोंबता कामा नये. मग उंची. लांब डब्यात कागद जास्त, म्हणून तो घाण जास्त पचवतो. पण तो सायलेन्सरच्या पाइपाला, स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा रस्त्यावरच्या दगडाला भिडणार नसेल तरच घ्यावा.

दोन व्हॉल्व्ह

फिल्टरच्या पोटात दोन व्हॉल्व्ह असू शकतात. पहिला बायपास. कागद कोंदला किंवा तेल फार घट्ट असलं, तर बेअरिंग कोरडं पडण्यापेक्षा न गाळलेलं तेल परवडलं, म्हणून हा व्हॉल्व्ह आडवाट उघडतो. काही इंजिनांत तो ब्लॉकमध्ये किंवा फिल्टरच्या डोक्यात असतो, काहींत फिल्टरमध्येच. इंजिनात नसेल आणि बिनबायपासचा फिल्टर लावला, तर कोंदल्यावर तेलाला वाटच उरत नाही. म्हणून आपल्या इंजिनात बायपास कुठे आहे, हे मॅन्युअलमध्ये बघून मगच फिल्टर घ्यावा. अडॅप्टर लावला असेल तर हा प्रश्न नव्याने विचारावा, कारण मूळ डोक्यासोबत तिथला व्हॉल्व्हही निघून गेलेला असू शकतो.

दुसरा व्हॉल्व्ह उलट गळती रोखणारा. तोंडाशी असलेला रबराचा हा पातळ पडदा तेलाला आत येऊ देतो, परत जाऊ देत नाही. बाऊल खाली लोंबत असेल तर तेल तसंही त्यात साठून राहतं. पण एमजीबीच्या काही वर्षांच्या इंजिनांत फिल्टर उलटा, तोंड खाली करून बसवलेला आहे. तिथे हा व्हॉल्व्ह नसेल किंवा रबर कडक झालं असेल, तर रात्रीत फिल्टर रिकामा होतो. सकाळी सेल्फ मारल्यावर तेल आधी डबा भरतं, मग बेअरिंगकडे जातं. तेवढे सेकंद इंजिन खडखडतं आणि प्रेशरचा काटा शून्यावर असतो. अशा इंजिनाला निवड करताना हा व्हॉल्व्ह सगळ्यात आधी बघायचा. त्याचं रबर नायट्राइलचं असेल तर ते उष्णतेने लवकर कडक होतं. सिलिकॉनचं जास्त टिकतं. बोट घालून दाबून बघितलं तरी मऊपणा कळतो.

तासगावात काय वेगळं

पुस्तकातल्या सूचना इंग्लंडच्या हवेसाठी लिहिलेल्या असतात. तासगाव कमी पावसाच्या पट्ट्यातलं. द्राक्षबागांमधले कच्चे रस्ते उन्हाळ्यात पिठासारखी धूळ उडवतात. या धुळीतले सिलिकाचे कण बेअरिंगच्या मऊ धातूपेक्षा कितीतरी कठीण असतात आणि इंजिनात शिरण्याची त्यांची मुख्य वाट हवेची आहे. ट्रॅक्टरला म्हणूनच तेलाच्या भांड्याचा एअर क्लीनर देतात. एमजीच्या दोन कार्बोरेटरांवर मात्र लहान फिल्टर असतात, आणि हौसेने लावलेल्या चकचकीत जाळ्या तर निव्वळ शोभेच्या. ऑइल फिल्टर कितीही भारी आणला तरी तो आत आलेली धूळ नंतर गोळा करतो. तेव्हा पैसे आधी एअर फिल्टरवर खर्च करावेत.

ट्रॅक्टरवाला तेल बदलताना किलोमीटर नाही, तास मोजतो. ब्लोअर जोडून बागेत औषध मारताना ट्रॅक्टर हळू जातो, इंजिन मात्र जोरात फिरतं, म्हणून तेच माप खरं. हौसेच्या गाडीला दोन्ही मापं लागू पडत नाहीत. ती वर्षाकाठी हजार किलोमीटरही जात नाही, आणि उभ्या गाडीच्या तेलात ओल आणि आम्ल साठतं. तिला महिने मोजावेत. वर्षातून एकदा तेल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत, मग मीटर कितीही कमी फिरलेला असो. पावसाळा संपल्यावर बदलणं सोयीचं, कारण दमट महिन्यांतली ओल त्यासोबत निघून जाते.

हवा गरम असल्याने २०-डब्ल्यू-५० तेल इथे योग्य आणि या इंजिनांना ते मानवतंही. अतिबारीक कागदाचा मोह मात्र टाळावा. घट्ट तेलाला बारीक कागद जास्त अडवतो, बायपास जास्त वेळा उघडतो आणि ज्यासाठी जास्त पैसे दिले ते गाळणंच कमी होतं.

बसवणं आणि फोडून बघणं

नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट फिरवावं. हाताने चढवून रबर टेकल्यावर आणखी पाऊण फेरा द्यावा, पाना लावू नये. तोंड वर राहणारा फिल्टर आधी तेलाने भरून घ्यावा. उलट्या फिल्टरला ते शक्य नसतं, म्हणून कॉइलची वायर काढून ठेवावी आणि प्रेशरचा काटा हलेपर्यंत सेल्फ थोडा थोडा मारावा. मग वायर जोडून इंजिन चालू करावं आणि वाकून जोडाकडे बघावं.

काढलेला फिल्टर फेकण्याआधी पत्रा कापून उघडावा. हॅक्सॉ वापरू नये, कारण तिचाच कीस आत पडतो आणि उगाच धास्ती बसते. गोल फिरणारा कटर चांगला. कागद पिळून, पसरून उजेडात धरावा. चुंबकाला चिकटणारी चमक लोखंडाची. करडी, मऊ चमक बेअरिंगच्या वरच्या थराची. तांबूस चमक दिसली तर तो थर झिजून खालचा धातू उघडा पडला आहे आणि क्रँकचं काम जवळ आलं आहे. बनावट फिल्टरही असाच उघडा पडतो. त्यात घड्या मोजक्या, डिंक सुटलेला, व्हॉल्व्हच्या जागी नुसती पत्र्याची चकती. नव्या जातीचा फिल्टर वापरायला घेतला असेल तर पहिला फिल्टर फोडून बघणं म्हणजे पुढच्या सगळ्यांची परीक्षा. निघालेलं जळकं ऑइल बांधावर किंवा गटारात न ओतता ते गोळा करणाऱ्याकडे द्यावं. द्राक्षाच्या मुळांना ते नको आहे.

शेवटी शेडच्या भिंतीवर एक पुठ्ठा लावावा आणि त्यावर आपल्या इंजिनाची माहिती लिहावी: इंजिन नंबर, बाऊल की स्पिन-ऑन, आट्यांचं माप, रिंगचा व्यास, जास्तीत जास्त उंची, बायपास कुठे, उलट गळतीचा व्हॉल्व्ह हवा की नको. सांगलीला, कोल्हापूरला किंवा पुण्याला जाताना त्याचा फोटो मोबाइलमध्ये असावा. या सात गोष्टी जुळल्या तर डब्यावर कोणत्याही नावाजलेल्या कंपनीचं नाव चालेल. त्यातली एक जरी चुकली, तर खोक्यावर एमजी छापलेलं असलं तरी तो फिल्टर दुकानातच राहू द्यावा.